गुडघ्यांसाठी सूज कमी करणारी गोळी सुरू केली त्याचा सगळा अनुभव

पेनकिलर लिहून दिली, आणली, जेवून घेतली आणि दुखणं थांबलं, एवढंच असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. माझे गुडघे दुखायला लागले आणि मी या सगळ्यातून गेले तेव्हा कळलं की पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधीच निम्म्याहून जास्त काम असतं, आणि गोळी सुरक्षित ठरते की नाही ते त्या कामावर ठरतं, गोळी किती भारी आहे त्यावर नाही. ज्यांना नुकतीच अशी गोळी लिहून मिळालीये किंवा ज्यांच्या आईवडिलांना ती चालू आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय.

माझं वय साठीला आलंय. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त, शिवाय उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा, त्यामुळे बरणीचं झाकण फिरवणं, कुलपात किल्ली फिरवणं, मोबाईल धरून टाइप करणं, सगळ्यातच कळ येते. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास. हाडांच्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे बघायच्या आधी एकच प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? मी म्हटलं चार पावलं टाकली की सुटतात, फार तर दहा-पंधरा मिनिटं. त्या म्हणाल्या मग हे झिजेचं दुखणं दिसतंय, ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाच आखडलेपणा तासभर किंवा जास्त राहिला असता आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले असते तर त्यांनी आधी रूमॅटॉइडच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) रक्ततपासण्या केल्या असत्या. हा फरक इतका महत्त्वाचा का, तर रूमॅटॉइडमध्ये सूज कमी करणारी गोळी दुखणं दाबते पण आजार आतून सांधा खातच राहतो, त्याला मेथोट्रेक्सेटसारखं आजारालाच आवर घालणारं औषध लागतं. नुसत्या पेनकिलरवर बरं वाटतंय म्हणून दिवस ढकलत राहिलं तर तेवढ्या काळात सांध्याचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. म्हणून ज्यांना सकाळी तासन्‌तास आखडतं त्यांनी गोळीच्या आधी निदानाचं बघावं, हे मी कळकळीने सांगते.

मग मॅडमनी मला चक्क गृहपाठ दिला. तुम्ही जे जे पोटात घेता ते सगळं लिहून आणा, रोजचं, अधूनमधूनचं, सर्दीचं, झोपेचं, काढे, चूर्ण, ताकदीच्या गोळ्या, सगळं. घरी मी आणि लेक औषधांचा डबा पालथा घालून बसलो. प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागच्या बाजूचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचायचं, पुढचं मोठं ब्रँडचं नाव नाही. लेक मोबाईलचा टॉर्च लावून वाचत होती आणि मी वहीत उतरवत होते. त्यात दोन गोष्टी निघाल्या. सर्दीतापाच्या एका गोळीत आयबुप्रोफेन होतं, म्हणजे ती सुद्धा सूज कमी करणाऱ्याच कुळातली, आणि ही गोष्ट पुढे कुठेच दिसत नव्हती. दुसरं म्हणजे माझी बीपीची गोळी, जी मी वर्षानुवर्षं एक गोळी म्हणून घेतेय, ती आत दोन औषधांची निघाली, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड.

ही वही बघितल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या फिजिशियनना तिथूनच फोन लावला. नंतर मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दात सांगते. किडनीत रक्त येतं ती बारीक नळी मोकळी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. सूज कमी करणारी गोळी तीच रसायनं कमी करते म्हणून येणारी नळी आवळते. टेल्मिसार्टनसारखं औषध किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं, त्यामुळे आतला गाळायचा दाब उतरतो. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध, त्याने अंगातलं पाणीच कमी झालेलं असतं. तिन्ही एकत्र आली की किडनीला गाळायला दाबच उरत नाही, आणि त्यात उलट्या जुलाब किंवा तीव्र ऊन लागलं तर काही दिवसांत किडनी अचानक बिघडू शकते. एकेकटं प्रत्येक औषध चांगलं आहे, दोष कुणाचाच नाही, पण तीन एकत्र म्हणजे धोका. ज्यांना बीपी आहे आणि गुडघेही दुखतात असे लोक किती आहेत आपल्या आजूबाजूला, एकाच घरात दोन दोन सापडतील, त्या प्रत्येकाने आपल्या बीपीच्या गोळीची मागची बाजू वाचायला हवी. शेवटी फिजिशियननी माझी गोळी बदलली, टेल्मिसार्टन ठेवलं, लघवीचं औषध काढून त्याजागी बीपीचंच दुसरं औषध, ॲम्लोडिपिन दिलं, आणि बीपी स्थिर होईपर्यंत पोटातून पेनकिलर नाही असं ठरलं.

तोपर्यंत रक्ततपासणी. क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लिव्हरचे एन्झाइम. हिमोग्लोबिन कशाला असं मी विचारलं, तर पोटातून हळूहळू रक्त जात असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, हिमोग्लोबिन मात्र उतरतं, म्हणून सुरुवातीचा आकडा हाताशी हवा. माझा ईजीएफआर 74 आला. तो 30 च्या खाली असेल तर ह्या गोळ्या टाळतात, आणि 30 ते 60 च्या मधे असेल तर फार जपून आणि थोडक्यात देतात. ॲसिडिटीचा जुना इतिहास, कधी अल्सर, काळी शी, दमा, ॲस्पिरिनची ॲलर्जी, सल्फाची ॲलर्जी, हार्टचं काही, घरात कुणाला लवकर अटॅक, सिगारेट, दारू, हे सगळं विचारून झालं. मला वाटतं ह्या प्रश्नांना लागलेली वीस मिनिटं म्हणजेच खरा इलाज होता.

त्या मधल्या काळात जेल सुरू केलं. डायक्लोफिनॅकचं जेल. मी आधी त्याला फार किंमत दिली नसती, वरून लावायचं म्हणजे तात्पुरतं काहीतरी असं वाटतं, पण गुडघा आणि हाताच्या सांध्यांसाठी हे खरोखर चालतं, कारण हे सांधे कातडीच्या जवळ आहेत. कमरेचा किंवा खुब्याचा सांधा खोल असतो, तिथे जेल पोचत नाही. आणि रक्तात जाणारं औषध पोटातून घेतलेल्या गोळीच्या साधारण 6 टक्केच असतं, त्यामुळे पोट, किडनी, हार्ट सगळ्यांवरचा भार कमी. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही गुडघ्याच्या झिजेसाठी आधी वरून लावायचं औषध आणि ते पुरलं नाही किंवा चालत नसलं तरच पोटातून असा क्रम आहे. फक्त ते नीट लावायला हवं. माझ्या ट्यूबसोबत प्लास्टिकचं मोजायचं कार्ड होतं, त्यावर आखलेल्या रेघेइतकं जेल पिळून गुडघ्याच्या चारी बाजूंनी हळू चोळायचं. 1 टक्का जेल असेल तर गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅम, हाताला 2 ग्रॅम, दिवसातून चार वेळा, हा डोस ऐकून मीही चकित झाले होते, कारण आपण वाटाण्याएवढं लावतो आणि मग म्हणतो जेलने काही होत नाही. जेल जास्त टक्क्यांचंही मिळतं, त्याचं माप वेगळं, ते आतल्या कागदावर बघायचं. गुडघ्याला लावून झालं की हात साबणाने धुवायचे, डोळ्याला लागलं तर झोंबतं, पण हाताच्या सांध्यालाच लावलं असेल तर निदान तासभर हात धुवायचे नाहीत. वरून गरम पाण्याची पिशवी नाही, घट्ट पट्टी नाही. आणि जेल चालू असताना पोटातूनही त्याच कुळातलं औषध घ्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच.

जेलने अंगठा जवळपास शांत झाला. डाव्या गुडघ्यालाही बरं वाटलं. उजवा मात्र सुजलेलाच राहिला, रात्री कूस बदलताना जाग यायची, तेव्हा मॅडमनी गोळीचा निर्णय घेतला. नॅप्रोक्सेन 250, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, आणि सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी पोटातलं ॲसिड कमी करणारी पॅन्टोप्रॅझोल.

इथे मी हट्टाने विचारलं की एवढ्या सगळ्या गोळ्यांमधून हीच का, आणि त्या कंटाळल्या नाहीत, कागदावर काढून दाखवलं. प्रोस्टाग्लँडिन बनवणारी दोन एन्झाइम असतात, कॉक्स-1 आणि कॉक्स-2. ढोबळ मानाने पहिलं पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करतं आणि रक्ताच्या गुठळीत मदत करतं, दुसरं सुजेच्या जागी कामाला लागतं. ॲस्पिरिन आणि ह्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतात हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. मग फक्त कॉक्स-2 अडवणाऱ्या गोळ्या आल्या, पोट वाचेल म्हणून सगळे खूष होते, पण त्यातली रोफेकॉक्सिब 2004 मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली कारण हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढलेले दिसले. तेव्हापासून डॉक्टर लोक पोट आणि हार्ट दोन्हीकडे बघून गोळी निवडतात. डायक्लोफिनॅकचा हार्टवरचा धोका त्या कॉक्स-2 वाल्यांच्या जवळ जाणारा आहे, एटोरिकॉक्सिबने बीपी चढतं आणि बीपी ताब्यात नसेल तर ती द्यायचीच नसते, नॅप्रोक्सेन हार्टला त्यातल्या त्यात बरी समजतात पण पोटाला त्रासदायक, म्हणून सोबत पॅन्टोप्रॅझोल. अमेरिकेच्या एफडीएने 2015 मध्ये इशारा आणखी कडक केला त्यात असंही आहे की हार्टचा धोका अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतही असू शकतो आणि डोस जास्त तर धोका जास्त. म्हणजे चारच दिवस घेतेय, काय होतंय, असं म्हणण्यात अर्थ नाही, आणि वर्षभर चालली म्हणजे पुढेही चालेल यातही नाही.

पोटाबद्दल एक समज मला मुद्दाम खोडून काढायचाय. जेवून घेतली की गोळी पोटाला काही करत नाही, असं घरोघरी सांगतात. जेवणानंतर घेतली की जळजळ मळमळ कमी होते हे खरं, पण अल्सर होण्याचं मुख्य कारण गोळी पोटाच्या भिंतीला लागणं हे नसतंच. ती रक्तात जाऊन तिथलं संरक्षण कमी करते, म्हणून इंजेक्शन घेतलं, वरून कोटिंग असलेली गोळी घेतली, तरी धोका राहतोच. आणि अल्सर दुखेलच असंही नाही, पेनकिलर चालू असल्यामुळे त्याचं दुखणं झाकलं जातं, विशेषतः वयस्कर माणसात पहिली खूण एकदम रक्तस्राव हीच असू शकते. डांबरासारखी काळी चिकट शी, कॉफीच्या चुऱ्यासारखी उलटी, चक्कर येऊन गरगरणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं की गोळी बंद आणि थेट हॉस्पिटल, सकाळपर्यंत थांबायचं नाही. (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण चालू असलेली लोहाची गोळी हे कारण धरून घरी बसू नये, विचारून घ्यावं.) पॅन्टोप्रॅझोल जठराचं आणि त्याच्या लगेच पुढच्या भागाचं रक्षण करते, खालच्या लहान आतड्याचं नाही, हेही मला तेव्हाच कळलं. पूर्वी अल्सर झालेल्यांची एच पायलोरी जंतूची तपासणी करून तो आधी घालवतात.

गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. एवढं साधं.

सुरुवातीचे दिवस गुडघा इतका हलका झाला की मी जिना उतरताना कठड्याला हात लावायचं विसरायला लागले. वहीत तीन रकाने आखले होते, सकाळचं बीपी, दुखणं दहापैकी किती, आणि वजन. वजन कशाला तर अंगात पाणी साठलं की ते आधी काट्यावर दिसतं. आणि तसंच झालं. दुखणं सातवरून तीनवर आलं पण बीपी जे 126, 128 असायचं ते 138, 142, एकदा 148 दाखवायला लागलं, वजन खाण्यात काही बदल नसताना वाढलं, आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा घट्ट व्हायला लागला. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला आणि उचलला तर खड्डा तसाच राहिला, हळूहळू भरला. मी दोन्ही पायांवर करून बघितलं, दोन्हीकडे सारखं. एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं असतं तर वेगळं, गुठळीची शंका येते, तेव्हा लगेच धावायचं. हे दोन्हीकडचं पाणी होतं.

आता गंमत अशी की ॲम्लोडिपिननेही घोट्यावर सूज येते. म्हणजे दोन संशयित. पण ॲम्लोडिपिन बीपी वाढवत नाही, आणि माझं बीपी तर वाढलं होतं, म्हणून फिजिशियननी बीपीची गोळी न छेडता नॅप्रोक्सेन थांबवायला सांगितली आणि वही चालू ठेवायला सांगितली. आठवड्याभरात वजन खाली, बीपी पूर्वीच्या जागी, चप्पल सैल. क्रिएटिनिन पुन्हा केलं ते थोडं वर गेलेलं होतं, पुढच्या तपासणीत जागेवर आलं. वही नसती तर मी गुडघा बरा आहे एवढ्याच खुशीत राहिले असते आणि डॉक्टरांनी बीपीसाठी आणखी एक गोळी वाढवली असती, असं त्यांनीच मला सांगितलं. एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध, मग त्याच्या त्रासावर तिसरं, अशी साखळी लागलेली माणसं मी जवळून बघितलीयेत, म्हणून मला हे फार लागलं.

मग गोळी बदलली, सेलेकॉक्सिब, ही कॉक्स-2 वाल्यांतलीच. 2016 मध्ये प्रिसिजन नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, चोवीस हजारांवर संधिवाताचे रुग्ण, ज्यांना हार्टचा धोका आधीच होता असे, त्यात मध्यम डोसमधली सेलेकॉक्सिब हार्टच्या बाबतीत नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनपेक्षा वाईट ठरली नाही. त्याच अभ्यासातल्या काही रुग्णांचं चोवीस तासांचं बीपी मोजलं होतं, त्यात चार महिन्यांनी आयबुप्रोफेनवाल्यांचं वरचं बीपी सरासरी 3.7 ने वाढलेलं, नॅप्रोक्सेनचं 1.6 ने, सेलेकॉक्सिबचं वाढलेलं नव्हतं. सरासरी म्हणजे सगळ्यांचं तेवढंच असं नाही, माझं नॅप्रोक्सेनवर त्याच्या कितीतरी पट वाढलं होतं. त्यामुळे नवीन गोळीवरही वही तीच, रकाने तेच. 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर ओढत न्यायची नाही, असं आधीच ठरवून. पडला, नॅप्रोक्सेनइतका नाही पण झोप लागण्याइतका. बीपी हललं नाही.

ह्याच दरम्यान मला पोटाचं इन्फेक्शन झालं, दिवसभर उलट्या आणि जुलाब. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की अंगातलं पाणी जातंय असं कुठलंही आजारपण आलं की सूज कमी करणारी गोळी त्याच क्षणी बंद, आणि बीपीच्या गोळीबद्दल फोन करून विचारायचं. मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं म्हणून लेकीला शोधावं लागलं नाही, तिने फोन केला, टेल्मिसार्टनही दोन दिवस थांबवायला सांगितली, क्षारसंजीवनीचं पाणी घोटघोट. नीट खायला प्यायला लागले आणि लघवी नेहमीसारखी झाली तेव्हा परत सुरू. ताप असेल, अंग ठणकत असेल तेव्हा हात आपोआप पेनकिलरकडे जातो, पण उलट्या जुलाबाच्या तापात पॅरासिटामॉल घ्यावी, ती ह्या कुळातली नाही, मात्र तीही दिवसात किती घ्यायची ते लिवर आणि वजन बघून डॉक्टरांनी सांगितलेलं असावं, आणि ज्या जोडगोळीत सूज कमी करणाऱ्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल आधीच असते तिच्यावर अजून पॅरासिटामॉल पडत नाही ना ते बघावं.

माझ्या नणंदेचेही गुडघे दुखतात. मला बरं वाटतंय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अगं मग मलाही ह्यातल्या चार दे, तेवढीच रात्र तरी बरी जाईल." मी म्हटलं, "वन्सं, तुमचा दमा आहे आणि नाकातल्या मांसवाढीचं ऑपरेशनही झालंय, नाही देणार." त्यांना जरा लागलं ते. पण दमा आणि नाकात पॉलिप अशा काही लोकांना ॲस्पिरिन किंवा ह्या गोळ्यांनी एकदम श्वास कोंडतो, हे मला मॅडमच्या प्रश्नांमुळेच माहीत होतं. मी त्यांना गोळीऐवजी माझ्या वहीसारखी वही करून दिली, औषधं लिहून काढली, आणि त्या स्वतःच्या डॉक्टरांकडे ती घेऊन गेल्या. त्यांना जेल आणि व्यायाम मिळाला, आता आम्ही दोघी फोनवर एकमेकींना पाय सरळ करून मांडीचा स्नायू ताणून धरायचा व्यायाम झाला का विचारतो.

आमच्या ह्यांचं आणखी वेगळं. त्यांना हार्टसाठी ॲस्पिरिन 75 रोज आहे. पाठ धरली की आयबुप्रोफेन घ्यायची त्यांची सवय. आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी किंवा सोबत घेतली तर ती प्लेटलेटवरची (रक्ताची गुठळी करणाऱ्या कणांवरची) ॲस्पिरिनची जागा अडवून बसते आणि ॲस्पिरिनला काम करू देत नाही, म्हणजे ज्या संरक्षणासाठी ती गोळी रोज घेतात तेच जातं, वर दोन्ही मिळून पोटातून रक्त जायचा धोका वाढतो तो वेगळाच. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, स्टिरॉइड, नैराश्यावरच्या काही गोळ्या, ह्यांच्याबरोबरही रक्तस्राव वाढतो. मानसिक आजारावरचं लिथियम आणि मेथोट्रेक्सेट रक्तात साठू शकतात. घरात कुणी गरोदर असेल तर 20 आठवड्यांनंतर ह्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. औषधांच्या दुकानात मागितली की मिळते म्हणून ती निरुपद्रवी होत नाही.

आता माझं असं चाललंय. रोजची गोळी नाही. जेल ठरलेल्या वेळी, मापून. व्यायाम रोज, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला, आधी ह्याने दुखेल अशी भीती वाटायची पण मांडीचा स्नायू भरला तसा गुडघ्यावरचा भार खरंच कमी झाला. वजन हळूहळू उतरवतेय, एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे एका अभ्यासात मोजलेलं आहे आणि मला वजनकाट्यावर उभं राहायला तेवढं पुरतं. गुडघा भडकला, सुजला, गरम लागला, की सेलेकॉक्सिब थोडे दिवस, सोबत पॅन्टोप्रॅझोल, त्या दिवसांत बीपी रोज, आणि सूज उतरली की गोळी बंद, पॅन्टोप्रॅझोलही बंद. पॅन्टोप्रॅझोल वर्षानुवर्षं उगाच चालू ठेवली तर मॅग्नेशियम आणि बी-12 कमी होऊ शकतं. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन ठरलेल्या अंतराने, आणि गोळीचे दिवस वाढले तर लवकर.

मध्यंतरी दाढ काढायची वेळ आली. दातांच्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक लिहायला घेतली तेव्हा मी वही पुढे केली, गुडघ्याची गोळी कालपर्यंत चालू होती, बीपीची ही, नॅप्रोक्सेनने असं झालं होतं. त्यांनी वाचलं, लिहिलेलं खोडलं आणि पॅरासिटामॉल लिहून दिली, आणि दाढ काढायच्या आधी ती गोळी थांबवायची का ते मॅडमना फोनवर विचारलं. फोन नंबर वहीच्या आतल्या कव्हरवर लिहिलेला आहे, तिथेच ईजीएफआरचे आकडे तारखेसकट, आणि कुठल्या गोळीने काय झालं ते. लेकीने त्या पानांचा फोटो काढून माझ्या आणि तिच्या मोबाईलमध्येही ठेवलाय.